खात्याचा धनी कोण?

संगणकाच्या पडद्यावर आलेला ‘खाते’ हा शब्द मूळचा हिशेबाच्या वहीतला. रोजकीर्दीतल्या नोंदी माणसामाणसाच्या नावे वेगळ्या लावायच्या, त्यांची खतावणी करायची आणि वर्षाअखेर कुणाकडे किती येणे, कुणाला किती देणे ते पाहायचे, यासाठी खाते. इंग्रजीतला ‘अकाउंट’ही मोजणीच्याच घरातला. आज कंपन्यांच्या यंत्रणांत विशेषाधिकार असलेली खाती आणि सेवा हुडकून काढण्याचे, त्यांना आवर घालण्याचे मोठे काम चालते. त्या कामाचा इतिहास बहुधा कुलपांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: पासवर्ड कच्चे होते, मग पक्के झाले, मग त्यांना तिजोरी आली. मला तो हिशेबाचा इतिहास वाटतो. सर्वाधिकार देणारी खाती धोक्याची झाली ती कुलपे कच्ची होती म्हणून जेवढी, त्याहून जास्त त्यांच्यापुढे धन्याचे नाव लिहिणारी वही बंद पडली म्हणून.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये सीटीएसएस ही यंत्रणा चालवून दाखवली. एकच महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, अशी तिची रचना. आत येताना प्रत्येकाने आपल्या कामाचा क्रमांक आणि नाव द्यायचे आणि वापरलेला वेळ त्या क्रमांकाच्या नावे मांडला जायचा. पासवर्ड आला तो या वाटणीच्या पाठोपाठ. आणि तो पहिल्यांदा फुटला तोही वाटणीवरूनच. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला वेळ पुरत नव्हता. १९६२ मध्ये त्याने छपाईच्या विनंतीचे एक पंचकार्ड भरून दिले आणि सगळ्यांचे पासवर्ड असलेली फाइलच छापून घेतली. छपाईची सेवा कोणतीही फाइल वाचू शकत होती आणि मागणारा कोण, हे ती विचारत नव्हती. माणसाला मनाई असलेली गोष्ट एका सेवेने त्याच्या वतीने करून दिली. पुढच्या साठ वर्षांतल्या कितीतरी घटनांचा साचा इथेच पडलेला दिसतो.

१९६६ ची घटना याहून बोलकी आहे. एके दिवशी सीटीएसएसवर लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी संपूर्ण पासवर्डांची यादी दिसू लागली. कॉर्बाटो यांनी ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात तिचे कारण उलगडून सांगितले. मजकूर दुरुस्त करणारा प्रोग्रॅम काम चालू असताना एक तात्पुरती फाइल तयार करी आणि तिचे नाव ठरलेले असे. एका निर्देशिकेत एकच माणूस काम करणार, हे त्यात गृहीत होते. पुढे यंत्रणा सांभाळणाऱ्यांनी सोयीसाठी एकच निर्देशिका वाटून घेतली. एक जण सूचना दुरुस्त करत होता, दुसरा पासवर्डांची फाइल, आणि दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. कुणी घुसखोर नव्हता, कुलूपही तुटले नव्हते. एका अधिकाराला दोन धनी झाले आणि ते यंत्रणेला कळवायचे राहिले, एवढेच घडले होते.

बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स या संगणकप्रणालीने हा सामायिक अधिकार जवळजवळ संस्थाच करून टाकला. ‘रूट’ नावाचे एक खाते, त्याचा क्रमांक शून्य, आणि शून्याला काहीही वर्ज्य नाही. पाचपंचवीस जाणकारांच्या खोलीत हे चालून जात होते, कारण आत्ता रूट कोण झाला आहे, हे मान वळवून पाहता येत होते. पण रूट हे माणसाचे नाव नाही, ते पद आहे, आणि पदाने केलेले काम नोंदवहीत माणसाच्या नावे कसे लिहायचे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा होता. सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक वापरकर्त्याला कामापुरताच अधिकार असावा, हे तत्त्व मांडले. बफेलो इथल्या न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात १९८० च्या सुमारास बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ‘सुडू’ लिहिले. त्यामुळे रूटचा पासवर्ड वाटत बसायची गरज उरली नाही: ज्याने त्याने आपल्याच नावाने यावे आणि ठरावीक कामापुरते मोठे व्हावे. पदामागे पुन्हा माणूस उभा करणारे हे साधे अवजार मला या इतिहासातले सर्वांत शहाणे पाऊल वाटते.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत ठळक पुरावा १९८६ च्या उन्हाळ्यातला आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत वापरलेल्या वेळेचे बिल प्रत्येक विभागाला लागत असे. हिशेब ठेवणारे दोन प्रोग्रॅम होते आणि त्यांच्या बेरजेत ७५ सेंटचा फरक आला. मूळचे खगोलशास्त्रज्ञ असलेले क्लिफर्ड स्टॉल यांच्याकडे तो फरक शोधायचे काम आले. ‘हंटर’ नावाचे एक खाते होते, पण त्याचे बिल कुणाकडे पाठवायचे, याची नोंद नव्हती. ते बंद केले, तर लवकरच दुसऱ्या एका खात्यावर हालचाल दिसली. त्याचा खरा मालक केव्हाच प्रयोगशाळा सोडून इंग्लंडला गेला होता, खाते मात्र मागे जिवंत राहिले होते. घुसखोराने सर्वाधिकार मिळवले ते सेवांच्या आधाराने. टपाल हलवणारा एक प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराने बसवलेला होता. त्याच्यामार्फत त्याने दर पाच मिनिटांनी आपोआप चालणाऱ्या एका सेवेच्या जागी स्वतःची प्रत ठेवली आणि पाच मिनिटे वाट पाहिली. माग काढत काढत प्रकरण पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत आणि सोव्हिएत गुप्तहेरांना माहिती विकण्यापर्यंत पोहोचले. ही कथा हेरगिरीची म्हणून गाजली. पण घुसखोराची चाहूल कुठल्या पहारेकऱ्याला लागली नव्हती. वह्यांचा ताळा लागला नाही, म्हणून तो सापडला. ७५ सेंटचेही बिल कुणाच्या तरी नावे फाडायचे, असा तिथला रिवाज नसता, तर शोध सुरूच झाला नसता.

आणि नेमका हाच रिवाज पुढे मोडला. संगणक स्वस्त होऊन टेबलावर आला, तेव्हा त्याचा वेळ मोजण्यात अर्थ उरला नाही. वेळेचे बिल गेले आणि बिलाबरोबर धन्याचा पत्ताही गेला. त्याच काळात माणसांपेक्षा सेवांची खाती वाढत चालली: रात्री बॅकअप घेणारी, पगारपत्रक तयार करणारी, एका गोदामातला साठा दुसऱ्या यंत्रणेला कळवणारी. १९९३ मध्ये विंडोज एनटी आली आणि सेवा चालवायला वेगळे खाते देण्याची पद्धत कंपन्याकंपन्यांत रुळली. अशा खात्याचा पासवर्ड कुणी माणूस टाइप करत नाही, तो यंत्रात लिहून ठेवलेला असतो. बदलायचा, तर तो जिथे जिथे लिहिला आहे तिथे सगळीकडे बदलायला हवा, आणि एखादी जागा राहून गेली, तर रात्रीतून सेवा बंद पडते. मग पासवर्डाची मुदत कधीही संपू नये, अशी खूण करून लोक मोकळे होत. खाते तयार करणारा नोकरी सोडून जाई, कंत्राट संपे, सॉफ्टवेअर बदले, आणि खाते आपले चालूच. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये आपला पासवर्ड आपणच बदलणारी सेवाखाती आणली, २०१२ मध्ये ती अनेक सर्व्हरवर मिळून वापरता येऊ लागली. नव्या खात्यांची सोय झाली, जुनी मात्र होती तिथेच राहिली. २०१४ मध्ये टिम मेडिन या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले, की कंपनीतला कुठलाही साधा वापरकर्ता अशा खात्याच्या नावाचे, त्याच्याच पासवर्डाने कुलूपबंद केलेले सेवेचे तिकीट मागू शकतो आणि ते घरी नेऊन त्यावरून सवडीने पासवर्ड काढू शकतो. दहा वर्षे न बदललेल्या पासवर्डाला ती सवड भरपूर होती.

याची किंमत किती असते, ते २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेव्यालाही दिसले. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले आणि जवाहरलाल नेहरू बंदरातल्या त्या समूहाच्या टर्मिनलचे काम थांबले. नॉटपेट्या विंडोजच्या एका उघड झालेल्या त्रुटीचा फायदा घेत होते, हे खरे. पण ती त्रुटी बुजवलेल्या यंत्रांवरही ते पसरले. ज्या यंत्रावर ॲडमिन किंवा त्या ताकदीची सेवा येऊन गेली होती, तिथल्या स्मृतीत उरलेली ओळख उचलून ते पुढच्या यंत्रावर रीतसर लॉगिन करत होते. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोसला सांगितले, की कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. एका किल्लीने किती दारे उघडतात, हे आधी मोजलेले नसेल, तर त्या मोजणीचे काम हल्लेखोर करतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: पासवर्ड भक्कम ठेवा, ते डिजिटल तिजोरीत बंद करा, वहीचे एवढे स्तोम कशाला? मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल ही सुमारे ८,८५० किलोमीटरची इंधनवाहिनी बंद करावी लागली, तेव्हा हल्लेखोर आत आले होते ते बाहेरून जोडणी देणाऱ्या एका जुन्या खात्यातून. ते वापरात नाही, अशी कंपनीची समजूत होती. पासवर्ड गुंतागुंतीचा होता, हे कंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेपुढे आवर्जून सांगितले, आणि ते मला पूर्ण पटते. पासवर्ड चांगला होता, खातेच कुणाच्या हिशेबात नव्हते. आणि तिजोरीचे म्हणाल, तर सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या यंत्रणेत शिरलेल्या हल्लेखोराने सांगितलेली हकीकत अशी, की तिजोरीच्या ॲडमिनचा पासवर्ड त्याला एका सामायिक फोल्डरमधल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेला सापडला. तिजोरी हवीच, यात वाद नाही. पण तिच्यात ठेवता येतात त्या माहीत असलेल्या किल्ल्या, आणि खुद्द तिजोरीच्या किल्लीचीही कुठेतरी नोंद लागते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. धनी माहीत असला तरी तोच बेइमान निघाला, तर वही काय करणार? मुंबईत फोर्ट भागातल्या पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेचे प्रकरण फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड झाले. १३,००० कोटी रुपयांहून मोठ्या या घोटाळ्यात परदेशातल्या बँकशाखांना हमीचे संदेश पाठवणाऱ्या स्विफ्ट यंत्रणेचे पासवर्ड दुसऱ्यांच्या हाती दिले गेले, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. तिथली खाती बेवारस नव्हती, त्यांच्यापुढे नावे होती. इथे वही अपुरी पडते, हे मान्य करायला हवे. तरीही हे प्रकरण एवढे वाढू कसे शकले, ते पाहिले की आपण पुन्हा ताळ्यापाशीच येतो. स्विफ्टवरचे संदेश आणि बँकेची मुख्य खतावणी एकमेकांना जोडलेली नव्हती. हमी परदेशात पोहोचत होती, बँकेच्या पुस्तकात तिची नोंदच पडत नव्हती. नंतर रिझर्व्ह बँकेने या दोन्ही यंत्रणा जोडून घेण्यासाठी ३० एप्रिल २०१८ पर्यंतची मुदत घातली. बर्कलीत दोन वह्या होत्या आणि ७५ सेंट लपले नाहीत. इथे दुसरी वही जोडलेलीच नसल्याने हजारो कोटी लपले.

तिसरा आक्षेप काम करणाऱ्यांचाच असतो: अशी वही आज लिहिली, तर सहा महिन्यांत जुनी होते. ते खरे आहे, कारण ती आता कुणाच्या पैशाला चिकटलेली नाही. क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या यंत्राचे बिल दर महिन्याला येते, म्हणून त्याच्यामागे कोणता विभाग आहे, हे कंपनीला ठाऊक असते. त्याच यंत्राची किल्ली असलेल्या सेवाखात्याचे बिल सहसा येत नाही. म्हणून आज आधी हुडकण्याचे अवजार चालवावे लागते. ते सगळ्या सर्व्हरवर फिरून कुठली सेवा कुठल्या नावाने चालते, ठरावीक वेळेला आपोआप चालणारी कामे कोणत्या खात्यावर आहेत, पासवर्ड शेवटचा केव्हा बदलला, शेवटचे लॉगिन केव्हा झाले, हे गोळा करते. यादी एका दिवसात तयार होते, धनी शोधण्यात मात्र महिने जातात. विभागाविभागांत यादी फिरते आणि काही ओळींपुढे कुणीच नाव लिहीत नाही. अशी खाती लगेच पुसत नाहीत. आधी बंद करून ठेवतात आणि काय थांबते, कोण धावत येते, याची वाट पाहतात. रोज चालणारे काम असेल, तर दुसऱ्या सकाळी फोन येतो, महिन्याचे असेल, तर पगाराच्या आसपास येतो. पण काही सेवा वर्षातून एकदाच, ३१ मार्चला, ताळेबंदासाठी जाग्या होतात. म्हणून जाणता प्रशासक जूनमध्ये बंद केलेले बेवारस खाते पुढचा एप्रिल उजाडेपर्यंत पुसत नाही.