दिसतं तसं नसतं

शाळेत आपण पंचसृष्टी घोकलेली असते: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. रॉबर्ट व्हिटाकरने १९६९ मध्ये मांडलेली ही यादी दिसायला नीटनेटकी, पण त्यातला मोनेरा हा चक्क अडगळीचा माळा आहे. ज्याच्या पेशीत केंद्रक नाही, तो टाका तिकडे! प्रोग्रॅममध्ये शेवटी एक 'एल्स' लिहून मोकळं व्हावं, तसला प्रकार.

हा माळा उपसला अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या कार्ल वोझने. गडी मूळचा गणित-भौतिकशास्त्राचा. सूक्ष्मजीव सगळे गोल नाहीतर काडीसारखे, त्यांच्या रूपावरून नाती काय कळणार? पण प्रथिनं बनवणारा रायबोसोम प्रत्येक पेशीत असतोच. मग त्यातल्या आरएनएची अक्षरंच ताडून बघू, असं त्याने ठरवलं. आज हे काम संगणक चुटकीसरशी करतो. तेव्हा सूक्ष्मजीवांना किरणोत्सारी फॉस्फरस खाऊ घालायचा, आरएनएचे तुकडे करायचे आणि एक्स-रे फिल्मवर उठलेल्या ठिपक्यांवरून अक्षरं जुळवायची. वोझ वर्षानुवर्षं हेच करत बसला होता.

१९७६ मध्ये राल्फ वुल्फ या सहकाऱ्याने त्याला मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव दिले. (आपल्या गोबर गॅसच्या टाकीत राबतात, त्यांचेच भाऊबंद.) फिल्म बघतो तर जिवाणूंच्या ओळखीच्या खुणा गायब! हे जिवाणू नाहीतच, असं त्याने वुल्फला सांगून टाकलं.

नोव्हेंबर १९७७ मध्ये वोझ आणि जॉर्ज फॉक्सचा निबंध आला, न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी झळकली. आणि कौतुक दूरच, नोबेल विजेत्या साल्वादोर लुरियाने वुल्फला फोन करून या भानगडीतून अंग काढून घ्यायला सांगितलं. जर्मनीत ऑटो कांडलरला मात्र लगेच पटलं. या जीवांची पेशीभित्तिका वेगळी असल्याचं त्याला आधीच दिसलं होतं.

१९९० मध्ये वोझ, कांडलर आणि व्हीलिस यांनी जीवसृष्टीच्या तीन मुख्य फांद्या मांडल्या: जिवाणू, आर्किया आणि केंद्रकवाले. अर्न्स्ट मायरने १९९८ मध्येसुद्धा विरोध केला. केंद्रक आहे की नाही हाच खरा मोठा फरक, असं त्याचं म्हणणं. मला ते अगदीच टाकाऊ वाटत नाही. वाघ आणि बुरशी एकाच फांदीवर, हे डोळ्यांना पटत नाहीच! पण वंशावळ मांडायची तर डोळ्यांपेक्षा अक्षरांवर भिस्त ठेवलेली बरी.

वोझ २०१२ मध्ये गेला. २०१५ मध्ये ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या मधल्या समुद्रतळाच्या गाळात 'लोकी' नावाच्या आर्कियांचा जनुकीय मजकूर सापडला. त्यावरून आणि नंतरच्या अभ्यासांवरून केंद्रकवाली फांदी आर्कियातूनच फुटली, असं आता बऱ्याच जणांचं मत आहे. म्हणजे मुख्य फांद्या दोनच, आणि माळ्यावरच्या त्या अडगळीत आपलेच पूर्वज.