आतले धुके, बाहेरचा पाऊस



ज्या शाळेच्या बाकांवर मी सात वर्षे बसलो, त्याच शाळेच्या व्यासपीठावर उभे राहताना मन संकोचून जाते. स्मृतिव्याख्यान म्हटले की एखादा युगपुरुष, एखादी लढाई किंवा एखादी चळवळ हा विषय असावा, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. मी मात्र आज मोटारीच्या पुढच्या काचेविषयी बोलणार आहे. ही काच पावसाळ्यात, थंडीत आणि उन्हाळ्यात स्वच्छ कशी राहिली, ती कोणी स्वच्छ ठेवली आणि त्यासाठी कोणी काय मोजले, एवढाच माझा विषय. तो प्रथमदर्शनी किरकोळ वाटेल. परंतु ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्या आपल्या गुरुजींनी शिकवलेला एक धडा माझ्या आयुष्यात या काचेवरच उमटलेला आहे. म्हणून दुसरा कोणताही विषय मला सुचला नाही.

प्रथम आपल्या मुलखाकडे पाहू. निपाणीहून पुणे-बंगळूर हमरस्ता तवंदीचा घाट ओलांडून संकेश्वरला उतरतो आणि पुढे बेळगावास जातो. संकेश्वरहून एक फाटा गडहिंग्लज, आजरा या मार्गाने आंबोलीवरून सावंतवाडीकडे उतरतो. बेळगावहूनही आंबोलीकडे रस्ता आहे आणि जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्यात जाणारा दुसरा. नकाशावर ही अंतरे वीतभर दिसतात. पण पावसाच्या दृष्टीने ही निरनिराळी राज्येच आहेत. आंबोलीचा वार्षिक पाऊस सात हजार मिलिमीटरांच्या घरात, बेळगावचा तेराशेच्या आसपास, तर अथणीकडे तो पाचशे-सहाशेवर येतो. 1956 साली राज्यांची सीमा आखली गेली आणि तिचे दुःख या भागाने पुष्कळ सोसले. पण ढगांनी आखलेली सीमा त्याहून जुनी आहे. सकाळी कोरड्या उन्हात निघालेला गाडीवान दुपारी पाण्याच्या भिंतीत शिरतो. या भागात काच स्वच्छ ठेवणे ही चैनीची बाब कधीच नव्हती.

आरंभीच्या मोटारींना पुढची काचच नसे. चालक डोळ्यांवर चष्मा चढवून वारा, धूळ आणि पाऊस अंगावर घेई. काच आली तेव्हा वाऱ्याचा प्रश्न सुटला आणि पाण्याचा निर्माण झाला. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेरी अँडरसन या बाईंनी न्यूयॉर्कच्या ट्राममधून प्रवास करताना पाहिले की, हिमवर्षावात पुढचे दिसावे म्हणून चालकाला काच उघडून थंडी सोसावी लागते. आतून दांडा फिरवला की बाहेर रबराची पट्टी काच पुसेल, अशी युक्ती त्यांनी काढली आणि 1903 साली तिचे पेटंट मिळवले. त्या पेटंटातून त्यांना द्रव्यलाभ मात्र झाला नाही. पुढे इंजिनाच्या हवा ओढण्याच्या जोरावर चालणारे वायपर निघाले. त्यांत एक मोठा दोष होता. चढ चढताना चालक पाय दाबी, त्यासरशी ती ओढ कमी होई आणि वायपर मंदावे. म्हणजे घाटात, पावसात, नेमक्या गरजेच्या वेळी ते हातपाय गाळी. काही जुन्या जीपगाड्यांना असे वायपर असत. 1926 साली जर्मनीतील बॉश कंपनीने विजेवर चालणारे वायपर बाजारात आणले आणि हा दोष हळूहळू इतिहासजमा झाला.

हा झाला यंत्रांचा इतिहास. तो ग्रंथांत सापडतो. आपल्या रस्त्यांवर मात्र दुसरे एक यंत्र पुष्कळ वर्षे काम करीत होते, आणि त्याचे नाव होते क्लीनर. बारा-चौदा वर्षांचा पोर, अंगात मालकाचा जुना सदरा, खांद्यावर फडके. चाकाला उटी लावणे, रेडिएटरमध्ये पाणी ओतणे, ताडपत्री बांधणे आणि वायपर बंद पडले की पायरीवर उभे राहून एका हाताने दाराला धरून दुसऱ्या हाताने काच पुसणे, ही त्याची कामे. निपाणी ही तंबाखूची पेठ. म्हणून आमच्याकडच्या गाड्यांत आणखी एक तोडगा होता. पाऊस लागण्यापूर्वी ओल्या तंबाखूचा चोथा काचेवर बाहेरून घासत. मग पाण्याचे थेंब सुटे सुटे न राहता सपाट पसरत आणि वायपरावाचूनही पुढचे थोडेफार दिसे. थेंब प्रकाश विखुरतो, सपाट थर तो सरळ जाऊ देतो, एवढेच त्यामागचे शास्त्र. ते त्या लोकांना कोणी सांगितले नव्हते. हाताने हाताला शिकवले होते.

माझे वडील मालमोटार चालवीत. 1968 च्या जुलैमध्ये ते गूळ भरून आजऱ्यावरून आंबोलीकडे निघाले होते. सोबत क्लीनर म्हणून जो मुलगा होता, तो माझ्याच वर्गातला. त्याच वर्षी सातवीतून त्याचे नाव निघाले होते. घाट उतरताना पाऊस आडवा येत होता. वायपर चालू होते, तरी काच पांढरी होत चालली होती. पाणी आत येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंच्या काचा गच्च लावलेल्या, अंगावरचे कपडे भिजलेले, आत बिडीचा धूर. पुढचे पुढे वडिलांनी मला अनेकदा सांगितले, आणि दर वेळी ते तिथेच थांबत. ते म्हणाले होते, "पोरा, बाहीर जाऊन काच पूस रं." तो पायरीवर उभा राहिला, पुसू लागला आणि ओरडून म्हणाला, "पुसतोय मामा, पन दिसंना." वळणावर गाडी हिसकली आणि त्याचा पाय निसटला. जीव वाचला, डाव्या पायाचा पंजा गेला.

पुढल्या वर्षी मी आठवीत गेलो. पावसाळ्याचेच दिवस होते. गुरुजी विज्ञानाच्या तासाला एक लखलखीत घासलेला पितळी तांब्या घेऊन आले. त्यात पाणी घातले, सोडावॉटरच्या दुकानातून आणलेल्या बर्फाचे खडे एकेक करून टाकले आणि तापमापी बुडवली. थोड्याच वेळात तांब्याची झळाळी गेली, तो बाहेरून धुरकटला. गुरुजींनी विचारले, "हे पाणी तांब्यातून पाझरले काय?" आम्ही एकमुखाने "होय" म्हणालो. त्यांनी बोट फिरवून दाखवले आणि शांतपणे सांगितले की, हे पाणी तुमच्या-माझ्या भोवतीच्या हवेतले आहे. हवा गार होत गेली की तिची वाफ धरून ठेवण्याची ताकद कमी होत जाते. तीस अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे तीस ग्रॅम वाफ मावते, वीस अंशांच्या हवेत सतरा आणि दहा अंशांच्या हवेत नऊच. ज्या तापमानाला ती वाफ हवेत मावेनाशी होते, ते दवबिंदू तापमान. ओली हवा त्याहून गार पृष्ठभागाला टेकली की तिथे दव धरते. मग ते म्हणाले, "तुमच्या घरचे लोक हे जाणतात. वाळलेला तंबाखू भर उन्हात हाताळला तर पान चुरगळते. म्हणून पहाटे दवाने पान मऊ पडल्यावर ते उचलतात. नाव ठाऊक नाही, एवढेच."

त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आंबोलीचा घाट उभा राहिला. वाफ आतली होती. भिजलेल्या कपड्यांची, दोन माणसांच्या श्वासांची. पावसाने गार झालेल्या काचेवर ती आतून धरली होती. बाहेर काच पुसणारा मुलगा स्वच्छच काच पुसत होता. दोन्ही खिडक्या चार बोटे उघडल्या असत्या आणि आतून एक फडके फिरवले असते, तर तो पायरीवर गेलाच नसता. मी हे घरी सांगितले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी पावसात खिडकी कधीही पूर्ण लावली नाही. उजवी बाही भिजत असे, ती भिजू देत.

या प्रश्नाचे पुढचे उत्तर ज्या यंत्राने दिले, त्याचा जन्म गारव्यासाठी झालेला नव्हता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. 1902 साली विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्यापुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्याने अडचण मांडली. हवेतील ओलाव्याने कागद फुगत-आकसत असे आणि एकावर एक छापलेले रंग जुळत नसत. कॅरिअरने हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिच्यातील ओलावा काढून घेण्याची योजना आखली. गुरुजींचा तांब्याच तो, मोठ्या प्रमाणावर. त्या यंत्राने माणसाला गारवा देणे हे पुढचे काम. 1938 साली नॅश कंपनीने मोटारीत बाहेरची हवा गाळून, तापवून आत सोडण्याची सोय केली आणि पुढल्याच वर्षी पॅकार्ड कंपनीने वातानुकूलित मोटार दाखवली.

आपल्याकडे हे उशिरा आले. ॲम्बॅसॅडर आणि फियाट या गाड्यांच्या पुढच्या दारांना छोटी तिकोनी काच असे. ती किंचित फिरवली की वाऱ्याचा झोत आत येई. हेच आपले बहुतेकांचे वातानुकूलन. 1983 साली मारुती आली, गाड्या वाढल्या, ती तिकोनी काच हळूहळू नाहीशी झाली आणि तिच्या जागी डॅशबोर्डावरची बटणे आली. 2010 साली आपल्या हमरस्त्याचा राष्ट्रीय क्रमांक 4 चा 48 झाला, 2014 साली शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. ही सारी स्थित्यंतरे आपण पाहिली. पण बटणे आली म्हणून समज आलीच, असे म्हणता येत नाही. आजही घाटात एसी बंद करून, खिडक्या लावून, हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबून, एका हाताने काच पुसत जाणारे चालक मी पाहतो. थंडी वाजते म्हणून ते एसी बंद करतात.

म्हणून इतिहासाच्या ओघात थोडा व्यवहार सांगतो. गुरुजींना ते आवडले असते. पावसात काच आतून धुरकटली तर बाहेरची हवा आत घ्यावी, एसी चालू ठेवावा आणि झोत पुढच्या काचेवर सोडावा. थंडी वाटल्यास सोबत हीटरही लावावा. थंड नळ्या हवा कोरडी करतात, हीटर तीच हवा उबदार करतो, आणि काच निवळते. उभ्या गाडीखाली टपकणारे पाणी हे हवेतून काढलेलेच असते. घाट उतरून कोकणात गेल्यावर गोष्ट उलटते. तिथली संध्याकाळची हवा उबदार आणि वाफेने भरलेली. आत एसी फार गार केला तर काच बाहेरून धुरकटते. तांब्या आता आपली गाडी असते. तिथे वायपर फिरवावे, गारवा कमी करावा आणि झोत काचेवरून काढावा. हिवाळ्याच्या पहाटे धुके लागले तर दिव्यांचा वरचा झोत टाकू नये. धुके तो परत आपल्याच डोळ्यांवर फेकते. वैशाखात उन्हात तापलेल्या गाडीच्या खिडक्या आधी उघडून कोंडलेली हवा जाऊ द्यावी, मग एसी लावावा. तेव्हा हवा आतल्या आत फिरवणे योग्य. उन्हाने वायपरचे रबर टणक होते, ते मृगाच्या आधी बदलावे. आणि काच आतूनही पुसावी, कारण धुराचा-धुळीचा थर असला की वाफ त्यावर लवकर धरते. या सर्व सूचनांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : धुके आत आहे की बाहेर? तो आधी विचारावा, मग हात हलवावा. धुके कोणत्या बाजूस आहे हे ठरवायला एक बोट पुरते.

माझा तो वर्गमित्र पुढे एका वखारीत तंबाखूच्या वजनकाट्यावर बसला आणि सचोटीने नोकरी करून निवृत्त झाला. या व्याख्यानाची तयारी करताना मी त्याला भेटलो. हे सांगू का, म्हणून विचारले. तो म्हणाला, "सांग की. पन मामांनी मला ढकललं न्हाई, हे बी सांग. दोघांस्नी बी ठाव नव्हतं." या वाक्यापुढे मला काही बोलता आले नाही. मेरी अँडरसन, बॉश, कॅरिअर यांची नावे आपण आदराने घेतो आणि घ्यावीत. परंतु त्यांच्या वायपरांनी आणि यंत्रांनी ज्यांची जागा घेतली, त्या पायरीवर उभ्या राहिलेल्या मुलांची नावे कोणत्याही नोंदवहीत नाहीत. त्यांतील अनेकांची नावे आपल्यासारख्या शाळांच्या पटावरून मात्र कमी झालेली आहेत, आणि ती तारीख पटावर असते. इतिहासाचे साधन म्हणून त्या जुन्या पटांकडे कोणी तरी पाहावे, अशी माझी या संस्थेस नम्र विनंती आहे.

तो सातवीतून गेला. तांब्याचा तास आठवीत होता. एका वर्षाचे अंतर होते. मूल शाळेत एक वर्ष अधिक टिकले तर काय होते, याचे उत्तर मला इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठेही मिळालेले नाही. गुरुजींनी ते एक वर्ष असंख्य मुलांना मिळवून दिले. कित्येकांची फी स्वतः भरली, कित्येकांच्या घरी जाऊन आईबापांची समजूत काढली. त्यांच्या स्मृतीस मी विनम्र अभिवादन करतो.