तळटीप : ‘समर स्कूल’

१२. समर स्कूल : येथे सुट्टीतला छंदवर्ग किंवा नापासांची जादा शिकवणी अभिप्रेत नाही. इंग्लंडमध्ये शाळेची शेवटची दोन वर्षे, साधारण १६ ते १८ वयाची, ‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणून ओळखली जातात. आपली अकरावी-बारावीच म्हणा. त्यांतले पहिले वर्ष सरता सरता काही विद्यापीठे निवडक मुलांना थोडे दिवस वसतिगृहात ठेवून घेतात. सकाळी व्याख्यान, दुपारी ग्रंथालय वा प्रयोगशाळा, संध्याकाळी भोजनगृह. सोबतीला तिथलेच विद्यार्थी. सर पीटर लॅम्पल यांच्या सटन ट्रस्टने १९९७ मध्ये ऑक्सफर्डला असा वर्ग सुरू केला. २०१० पासून विद्यापीठाने ‘युनिक’ हा स्वतःचा उपक्रम चालवला. दोन्ही सरकारी शाळांतील मुलांसाठी, आणि विनामूल्य. घरात आधी कोणी विद्यापीठाची पायरी चढलेले नाही, अशांचा विचार आधी. वेळही नेमकी साधलेली : ऑक्सफर्ड-केंब्रिजचे प्रवेशअर्ज ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भरावे लागतात. लेखिकेला खोलीच्या किल्लीचे एवढे अप्रूप का वाटले, ते यावरून उमगावे. – संपा.