वाटेत लागणारा देश

ऑक्टोबर १९०४. झुरिकहून, आज इटलीत असलेल्या ट्रिएस्ट बंदराकडे निघालेलं एक तरुण आयरिश जोडपं रात्री गाडीतून उतरलं. खिशात पैसे बेताचे आणि ट्रिएस्टला इंग्रजी शिकवण्याचं काम मिळेल, एवढीच आशा. गाडी निघून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे ट्रिएस्ट नव्हेच, हे ल्युब्ल्याना. ती रात्र तिथेच काढून दोघं दुसऱ्या दिवशी पुढे गेले. तो तरुण म्हणजे जेम्स जॉइस आणि त्याच्यासोबत होती नोरा बार्नाकल. ट्रिएस्टमध्ये जॉइसने पुढे अनेक वर्षं काढली, त्याच्या ‘युलिसिस’ कादंबरीची सुरुवातही तिथेच झाली. ल्युब्ल्यानाच्या वाट्याला त्याची एकच रात्र आली आणि तीही चुकून. तरी त्या शहराने ती जपली. ल्युब्ल्यानाच्या रेल्वे स्थानकावर आज जॉइसच्या नावाची स्मृतिखूण आहे.

ल्युब्ल्याना ही स्लोव्हेनियाची राजधानी. या देशाशी प्रवाशांचं नातं शतकानुशतकं असंच राहिलं. व्हिएन्नाहून इटलीला किंवा इटलीहून व्हिएन्नाला जाणारे इथून गेले असंख्य, उतरले थोडे.

इथे उतरावं की नुसतं पुढे जावं, हा प्रश्न आज महाराष्ट्रातल्या घरांमध्येही पडतो. युरोपची सहल ठरते, व्हेनिस आणि व्हिएन्ना पक्कं होतं, मग कुणीतरी नकाशा मोठा करून विचारतं, “या दोघांच्या मधला हा छोटा देश कोणता? दोन-तीन दिवस तिथे काढायचे का?” कुणाला तो स्लोव्हाकिया वाटतो. घरातल्या ज्येष्ठांना मात्र युगोस्लाव्हिया आठवतो. त्याचे नेते टिटो आठवतात, आणि १९५६ साली ब्रियोनी बेटावर झालेली टिटो, नेहरू आणि इजिप्तचे नासर यांची भेटही. स्लोव्हेनिया हा त्याच युगोस्लाव्हियाचा वायव्य कोपरा. २५ जून १९९१ रोजी त्याने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि दहा दिवसांच्या लढाईनंतर ते टिकवलं. क्षेत्रफळ २०,२७३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडं जास्त. लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास. स्वतंत्र देश म्हणून हे नाव नकाशावर येऊन अजून चार दशकंही झालेली नाहीत, त्यामुळे ते आपल्या कानावरून फारसं गेलेलं नाही. त्या भूमीला मात्र प्रवाशांची फार जुनी ओळख आहे.

याला कारण भूगोल. आल्प्सची रांग पूर्वेकडे उतरत येते आणि एड्रियाटिक समुद्राच्या पाठीमागे, पोस्तोयना गावाजवळ, जेमतेम सहाशे मीटर उंचीची एक खिंड मोकळी राहते. समुद्राकडून डॅन्यूबच्या सखल प्रदेशात शिरायची ही सोपी वाट. बाल्टिककडचा तृणमणी दक्षिणेला नेणारे व्यापारी या वाटेने गेले. रोमन सैन्य इथूनच उत्तरेकडे सरकलं आणि त्यांनी एमोना नावाचं नगर वसवलं. त्या नगराच्या तटाचे अवशेष आजही ल्युब्ल्यानात पाहायला मिळतात. पुढे चौदाव्या शतकापासून १९१८पर्यंत हा प्रदेश हाब्सबुर्ग घराण्याच्या ताब्यात राहिला आणि व्हिएन्ना ते ट्रिएस्ट बंदर हा राजरस्ता इथूनच गेला.

या भूमीची जगाला पहिली सविस्तर ओळख करून दिली यानेझ वाइकार्ड वाल्व्हासोर या सरदाराने. तारुण्यात युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घालून तो घरी परतला आणि आपल्याच प्रांताचा अभ्यास करू लागला. त्सेर्कनित्सा नावाचं एक सरोवर पावसाळी महिन्यांत भरतं आणि कोरड्या दिवसांत जमिनीखालच्या भेगांतून रिकामं होतं. जिथे मासेमारी करायची, तिथेच पाणी ओसरल्यावर गवत कापायचं, असा तिथल्या गावकऱ्यांचा क्रम. या सरोवराचं कोडं वाल्व्हासोरने मांडून दाखवलं आणि १६८७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिलं. १६८९ मध्ये त्याचा आपल्या प्रांतावरचा महाग्रंथ निघाला. चार खंड, साडेतीन हजारांहून अधिक पानं, पाचशेहून जास्त चित्रं. या छपाईपायी तो कर्जात बुडाला. बोगेन्शपेर्कचा वाडा आणि जमीनजुमला विकावा लागला आणि १६९३ मध्ये विपन्नावस्थेतच त्याने जगाचा निरोप घेतला. आज त्या वाड्यात त्याच्या स्मरणार्थ संग्रहालय आहे.

वाल्व्हासोरने एक लोकसमजही नोंदवला होता. मुसळधार पावसानंतर झऱ्यांतून कधीकधी फिकट गुलाबी, सापासारखे जीव बाहेर येत. जमिनीखाली राहणाऱ्या ड्रॅगनची ती पिल्लं, असं गावकरी मानत. प्रत्यक्षात तो गुहांमधल्या पाण्यात राहणारा आंधळा उभयचर प्राणी आहे. शास्त्रीय नाव प्रोटिअस, आणि स्थानिक भाषेत त्याला ‘माणूसमासा’ अशा अर्थाचं नाव आहे, कारण कातडीचा रंग माणसाच्या कातडीसारखा. तो वर्षानुवर्षं अन्नाशिवाय राहू शकतो.

या प्राण्याने हम्फ्री डेव्हीला इथे खिळवलं. खाण कामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवणारा हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ १८१८ साली पहिल्यांदा इथे आला आणि आयुष्याच्या उतरणीला, तब्येत खालावलेली असताना, १८२७ आणि १८२८ मध्ये पुन्हा आला. सावा नदीच्या खोऱ्यात पोदकोरेन गावी तो राहायचा, गळ टाकून मासे धरायचा आणि प्रोटिअसचं निरीक्षण करायचा. सारा युरोप पाहिलेल्या माणसाने हे खोरं पुन्हा पुन्हा निवडलं. त्याच्या शेवटच्या पुस्तकात प्रोटिअसवर एक अख्खा संवाद आहे.

डेव्ही पहिल्यांदा आला त्याच १८१८ साली पोस्तोयनाची गुहा नव्याने सापडली. गुहेचा सुरुवातीचा भाग लोकांना पूर्वापार माहीत होता. ऑस्ट्रियाचा सम्राट पहिला फ्रान्झ पाहायला येणार म्हणून आत दिवे लावायचं काम सुरू होतं. त्यात लुका चेच नावाचा एक गावकरी होता. तो अंधारातला कडा चढून पलीकडे गेला आणि परतला तो आत किलोमीटर-किलोमीटर पसरलेल्या दालनांची बातमी घेऊन. पुढच्याच वर्षी गुहा लोकांसाठी खुली झाली. १८७२ मध्ये आत रूळ टाकले गेले. सुरुवातीला प्रवाशांना छोट्या गाड्यांत बसवून वाटाडे त्या हाताने ढकलत नेत. १८८४ मध्ये गुहेत विजेचे दिवे लागले, राजधानीत सार्वजनिक वीज यायच्या कितीतरी आधी. आजही गुहेत जाणारा माणूस आधी छोट्या आगगाडीत बसतो. गाडी सुरू झाली की पहिल्या काही मिनिटांत भिंती काळ्याकुट्ट दिसतात आणि लवणस्तंभ कोळशाचे वाटावेत असे. ती काजळी १९४४ची आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने तोंडाजवळच्या दालनांत विमानांच्या इंधनाचे साठे ठेवले होते. त्या एप्रिलमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी ते पेटवून दिले आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. जरा पुढे गेलं की भिंती एकदम पांढऱ्याशुभ्र होतात. दगडावर लिहिलेला इतिहास इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळतो.

रेल्वे आली आणि वाटेचं रूप पालटलं. व्हिएन्नाहून निघालेले रूळ १८४९ मध्ये ल्युब्ल्यानाला आणि १८५७ च्या जुलैमध्ये ट्रिएस्टला पोचले. याच दशकात मुंबई ते ठाणे गाडी धावली आणि बोरघाटाचं काम सुरू झालं होतं. ट्रिएस्टशी मुंबईचा धागा खरं तर त्याहून जुना. हिंदुस्थानचं टपाल लवकर पोचवण्यासाठी थॉमस वॅगहॉर्नने १८४५ मध्ये ट्रिएस्टकडची वाट आजमावली. १ ऑक्टोबरला मुंबई सोडलेलं टपाल ३१ तारखेच्या पहाटे लंडनमध्ये होतं. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर ट्रिएस्टच्या ऑस्ट्रियन लॉइड कंपनीच्या बोटी मुंबईला ये-जा करू लागल्या. पहिल्या महायुद्धानंतर तिचंच नाव लॉइड ट्रिएस्टिनो झालं. गोलमेज परिषदेहून परतताना डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी ब्रिंडिसीहून मुंबईला आले ते याच कंपनीच्या ‘पिल्स्ना’ बोटीने. ट्रिएस्टला उतरून व्हिएन्नाची गाडी धरणारा हिंदी प्रवासी स्लोव्हेनिया ओलांडत असे, बहुधा त्याचं नावही न ऐकता.

ज्यांनी मुक्काम केला, त्यांच्यापैकी एकाने एका गावाचं नशीब बदललं. ब्लेडच्या सरोवराकाठी १८५५ मध्ये आर्नोल्ड रिकली या स्विस माणसाने उपचार केंद्र काढलं. औषध म्हणजे पाणी, हवा आणि ऊन. रुग्णांनी लाकडी खोपटांत राहायचं, पहाटे अनवाणी टेकड्या चढायच्या, अंगावर ऊन घ्यायचं, आहार साधा ठेवायचा. निसर्गोपचाराच्या ज्या युरोपीय चळवळीतल्या लुई कूने आणि अडॉल्फ जुस्ट यांची पुस्तकं वाचून गांधीजी प्रभावित झाले आणि ज्या विचारातून पुढे १९४६ मध्ये उरळी कांचनचं केंद्र उभं राहिलं, त्या चळवळीतला रिकली हा आधीच्या पिढीचा माणूस. १८७० मध्ये ब्लेडजवळ रेल्वे आली आणि खेड्याचं विश्रामस्थान झालं. सरोवरातल्या बेटावर न्यायला आजही ‘प्लेत्ना’ नावाच्या सपाट तळाच्या लाकडी नावा आहेत. नावाडी उभं राहून दोन वल्ही मारतो आणि हा व्यवसाय काठच्या म्लिनो गावातल्या घराण्यांत बापाकडून मुलाकडे येतो.

विसाव्या शतकाने मात्र या वाटेवर रक्त सांडलं. १९१५ ते १९१७ या काळात सोचा नदीच्या काठी इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात बारा लढाया झाल्या. शेवटची कोबारिदची. हेमिंग्वेच्या ‘ए फेअरवेल टू आर्म्स’मधली माघार ती हीच. दुसऱ्या महायुद्धानंतर, सप्टेंबर १९४७ मध्ये, गोरित्सिया शहराच्या अंगावरून सीमारेषा ओढली गेली. जुनं शहर इटलीत राहिलं आणि १९०६ साली सुरू झालेलं रेल्वे स्थानक युगोस्लाव्हियात आलं. स्थानकासमोरच्या चौकातून कुंपण गेलं. शहर गमावलेल्या बाजूने मग १९४८ पासून शेतजमिनीवर नवं गाव उभारलं, त्याचं नाव नोवा गोरित्सा.

कुंपणाच्या दोन्ही बाजूंना नातलग होते. १३ ऑगस्ट १९५० चा रविवार. सीमेवर आप्तांना भेटायला युगोस्लाव्हियाच्या बाजूने हजारो लोक जमले आणि गर्दीच्या रेट्यापुढे पहारा टिकला नाही. लोक गोरित्सियात शिरले, ओळखीच्या घरी गेले आणि दुकानांतून आपल्याकडे न मिळणाऱ्या वस्तू घेऊन संध्याकाळी परतले. अनेकांच्या खांद्यावर साधा झाडू होता. तो दिवस तिथे ‘झाडूंचा रविवार’ म्हणूनच ओळखला जातो. पुढे ही सीमा सैल होत गेली. साठ-सत्तरच्या दशकांत युगोस्लाव्ह कुटुंबं जीन्स आणि कॉफी घ्यायला ट्रिएस्टला जात. २००४ मध्ये स्लोव्हेनिया युरोपीय संघात गेला आणि चौकातलं कुंपण निघालं. आज त्या जागी फरशीत एक गोल नक्षी आहे. एक पाय इटलीत आणि एक स्लोव्हेनियात ठेवून माणसं तिथे फोटो काढतात. २०२५ साली ही दोन्ही शहरं मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी होती.

मग सहलीत स्लोव्हेनिया घ्यावा का? घ्यावा, पण घाईत नको. व्हेनिसहून सकाळी निघून ब्लेडला एक फोटो काढायचा आणि रात्री परत, अशी धावपळ करण्यात अर्थ नाही. या देशाची गंमत मुक्कामात आहे. अडचणीही फारशा नाहीत. शेंगेन व्हिसा इटली आणि ऑस्ट्रियाप्रमाणे इथेही चालतो. फक्त जिथे जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. सीमेवर अधूनमधून तपासणी होते म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा. चलन २००७ पासून युरोच आहे. व्हेनिस ते ट्रिएस्ट रेल्वेने सुमारे दोन तास, तिथून ल्युब्ल्याना शंभर किलोमीटरच्या आत. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. ताजं चीज भरून उकडलेली पिठाची ‘श्त्रुक्ली’ बहुतेक खाणावळींत मिळते, आणि ब्लेडच्या पार्क हॉटेलात १९५३ पासून होणारी, साय आणि कस्टर्डचे थर असलेली चौकोनी वडी मुलांना नक्की आवडेल.

ज्यांच्याकडे सातच दिवस आहेत आणि रोम-फ्लोरेन्स पहिल्यांदाच पाहायचं आहे, त्यांनी स्लोव्हेनिया पुढच्या खेपेला ठेवावा. दहा-बारा दिवस हाताशी असतील, तर तीन रात्री काढाव्यात, दोन ल्युब्ल्यानात आणि एक ब्लेडला. पोस्तोयनाची गुहा ट्रिएस्टहून येताना वाटेतच लागते. तिथे बाराही महिने तापमान दहा अंशांच्या आसपास असतं, तेव्हा जून महिन्यातही पिशवीत स्वेटर असू द्यावा.