जाम नदीच्या दोन काठांवर

नागपूरहून रेल्वेने शंभरेक किलोमीटर गेले की पांढुर्णा लागते. एका लग्नासाठी नागपुरात होतो. रजेचा एक दिवस हाती उरला, म्हणून गेलो. कागदोपत्री हा मध्य प्रदेश. पण स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याने विचारले, "कुठले जी तुम्ही?" गोव्याचा म्हटल्यावर तो म्हणाला, "मराठी चांगलं बोलता!" हेच मी त्याला म्हणणार होतो.

बाजारातून चालत जाम नदीकडे निघालो. नव्या गावात पाट्या वाचत फिरायची माझी सवय इथे कामाची नव्हती. हिंदी आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे 'किराणा' कोणत्या भाषेतला ते कळत नाही. सरकारी पाट्या तेवढ्या निःसंशय हिंदी.

नदीकाठी कडुनिंब-पिंपळांची सावली. पलीकडे सावरगाव. एरवी लोक सहज ये-जा करतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र इथे गोटमार होते. नदीच्या मधोमध पळस रोवून त्याला झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून दगड सुटतात. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला पळवून नेत होता, दोघांना नदीतच गाठले, अशी कथा सांगतात. आजवर कित्येक जीव गेले. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी दगडच उचलले. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो, आणि भांडण वर्षभरासाठी मिटते.

दुसरी रेघ दिसत नाही, पण ती मिटलेली नाही. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. १८५४ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केले, तरी नागपूर हीच राजधानी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. नागपूरसह आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर पांढुर्णा-सौंसरची मराठी माणसेही. २०२३ साली हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य तेच.

आपणही महाराष्ट्राबाहेरचेच मराठी वाचक. पण १६ जानेवारी १९६७ रोजी आपल्याला विचारले गेले. त्या कौलाविषयी कोणाचे काहीही मत असो, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी रांगेत उभे राहून तो दिला. जामकाठच्या लोकांना असे कोणी विचारले नाही. ज्यांनी स्वतः ठरवले, त्यांच्यातला वाद अजून चालू आहे. ज्यांना विचारलेच नाही, ते मुकाट बोलत राहिले. त्या दुपारी मला याचे नवल वाटले आणि थोडी लाजही.

परतताना पुलाजवळ एक मुलगा आजीला हिंदी पुस्तकातला धडा वाचून दाखवत होता. आजी मध्येच मराठीत काही विचारी, तो मराठीत उत्तर देई. मी विचारले, "आजीशी कोणती भाषा बोलतोस रे?"

तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "घरची."

नाव त्याला ठाऊक नसेल असे नाही. कोणी विचारले नसावे.