अक्षरांपूर्वीची पाच वर्षे : बालमंदिरापासून अंगणवाडीपर्यंत

प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांना मांडीवर बसवून विद्या दिली, ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या, ही कथा जैन घरात लहानपणीच कानी पडते. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात ती आलेली आहे. त्याच ग्रंथात गृहस्थाच्या अपत्यासाठी सांगितलेल्या क्रियांचा क्रम मात्र फारसा कोणाच्या स्मरणात राहत नाही. बाळाला प्रथम घराबाहेर नेण्याची बहिर्यान क्रिया, त्याला आसनावर बसविण्याची निषद्या, त्यानंतर अन्नप्राशन, वर्षपूर्तीची व्युष्टी, पुढे केशवाप. आणि हे सर्व पार पडल्यावर पाचव्या वर्षी लिपिसंख्यान, म्हणजे अक्षरांची व अंकांची ओळख.

या क्रमात मोठा अर्थ भरलेला आहे. अक्षर येते ते पाचव्या वर्षी. त्यापूर्वी मोकळी हवा आहे, बसणे-उठणे आहे, अन्न आहे, शरीराची निगा आहे. अक्षरांपूर्वीच्या या वर्षांची जबाबदारी पूर्वी घराची, आजी-आजोबांची आणि शेजारपाजारची मानली जात असे. ज्या घरात आईला पहाटेच मजुरीला जावे लागते आणि मागे सांभाळणारे कोणी नसते, तेथील बालकाचे काय, हा प्रश्न विसाव्या शतकात समाजाने प्रथम गंभीरपणे विचारला. त्याच्या उत्तराचा इतिहास आपल्या पश्चिम किनाऱ्याशी जवळून निगडित आहे.

बालमंदिराचा उदय

आधुनिक बालशिक्षणाचा एक महत्त्वाचा प्रवाह रोममधून आला. डॉ. मारिया मॉंटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. आईवडील कामावर गेल्यावर दिवसभर मोकाट राहणाऱ्या मुलांसाठी ते होते. मूल स्वतःच्या हाताने काम करीत शिकते, मोठ्यांनी त्याच्या मार्गातील अडथळे दूर करावेत, हे त्यांच्या पद्धतीचे सार होय.

भारतात हा विचार आपल्या मातीत रुजविण्याचे श्रेय गिजुभाई बधेका यांना दिले जाते. सौराष्ट्रात सन १८८५ मध्ये जन्मलेले गिजुभाई व्यवसायाने वकील होते. पुत्रजन्मानंतर त्यांचे लक्ष बालकांच्या शिक्षणाकडे वळले. सन १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि सन १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. छडी, धाक आणि पाठांतर यांच्या जागी गोष्ट, गाणे, नाटुकले, बागकाम व स्वच्छता आली. मुलांवरील त्यांच्या मायेमुळे लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, असे म्हणू लागले.

याच काळात अहमदाबादेत कॅलिको मिलचे मालक व जैन समाजातील अग्रगण्य उद्योगपती अंबालाल साराभाई आणि त्यांच्या पत्नी सरलादेवी यांनी आपल्या आठ मुलांसाठी शाहीबागेतील निवासस्थानीच मॉंटेसरी विचारांवर आधारलेली शाळा चालविली. त्यासाठी परदेशातूनही शिक्षक आणले. पुढे भारतीय अवकाश संशोधनाचा पाया घालणारे डॉ. विक्रम साराभाई याच शाळेत वाढले. बालपणावर केलेला खर्च किती फळतो, याचे हे ठळक उदाहरण होय. तथापि अशी शाळा एखाद्या साराभाई कुटुंबालाच परवडणारी होती. रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत भारतात येईपर्यंत महागडी झाली होती. तिला पुन्हा गरिबाच्या दाराशी नेण्याचे काम दोन मराठी स्त्रियांनी केले.

ताराबाईंचा मार्ग : भावनगर, दादर, बोर्डी

ताराबाई मोडक यांचा जन्म मुंबईत १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. सन १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. मानाची व भरपूर पगाराची ती जागा सोडून सन १९२३ मध्ये त्या गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. सन १९२६ मध्ये उभयतांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाई मुंबईस परतल्या आणि सन १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू झाला. बालशिक्षिका घडविण्याचे कार्य तेथून मराठीतून होऊ लागले.

दादरच्या शिशुविहारात येणारी मुले मध्यमवर्गीय घरातील होती. खेड्यातील मुलांपर्यंत हे शिक्षण पोहोचावे, ही गांधीजींच्या विचारांतून मिळालेली प्रेरणा ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. सन १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेल्या, या समुद्रकाठच्या गावात आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षणव्रती आधीपासून कार्यरत होते. तेथेच अनुताई वाघ ताराबाईंना येऊन मिळाल्या. सन १९१० मध्ये जन्मलेल्या अनुताईंना तेराव्या वर्षी वैधव्य आले होते. त्यावर मात करून त्या शिक्षिका झाल्या होत्या. पुढील जवळजवळ अर्धशतक त्यांनी याच कार्याला वाहिले.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित व आदिवासी वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. कोणाला घरी धाकटे भावंड सांभाळायचे असे, कोणाला गुरे राखायची असत. शिवाय गावातील इतरांच्या मुलांबरोबर आपले मूल बसेल की नाही, याची भीती आईबापांच्या मनात घर करून होती. अशा वेळी दोष पालकांच्या अज्ञानावर ढकलून मोकळे होणे सोपे होते. ताराबाई व अनुताई यांनी तसे केले नाही. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरविले. वस्तीतील एखादे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. यातूनच ‘अंगणवाडी’ ही कल्पना आणि ही संज्ञा रूढ झाली.

साधनांचा प्रश्नही त्यांनी असाच सोडविला. मॉंटेसरीची परदेशी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. बोर्डीच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले होते, रानात बिया, पाने, काटक्या आणि खडे होते. मोजणे, लहान-मोठे लावणे, रंग व आकार ओळखणे, हे सर्व त्यांवर शिकविता येते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी मालाची प्रत न घटविता भांडवली खर्च जवळजवळ शून्यावर आणला.

कोसबाडची टेकडी

सन १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे, वारली आदिवासींच्या पाड्यांमध्ये, हलविण्यात आले. येथे विकासवाडीचा प्रयोग आकारास आला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही एकाच ठिकाणी आणण्यात आल्या. यामागील विचार साधा परंतु अचूक होता. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. त्या भावाला पाळणाघरात ठेवले की तिचे हात मोकळे होतात आणि ती वर्गात बसू शकते. एका बालकाची सोय केली की दोन मुलांचे शिक्षण साधते. जी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जाऊन शिकवीत. ती कुरणशाळा म्हणून ओळखली जाई. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रशाळा होती.

ताराबाईंना सन १९६२ मध्ये पद्मभूषण किताब मिळाला. सन १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. अनुताईंना पद्मश्री मिळाली आणि सन १९९२ मध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला.

शासनाची योजना

सन १९७२ मध्ये श्रीमती मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने शालापूर्व वयातील बालकांविषयी आपला अहवाल केंद्र सरकारला दिला. सन १९७४ मध्ये राष्ट्रीय बालधोरण जाहीर झाले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या गावपातळीवरील केंद्राला नाव मिळाले ‘अंगणवाडी’. ताराबाई ते पाहण्यास हयात नव्हत्या. पण बोर्डीच्या वस्तीत रुजलेला शब्द त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी साऱ्या भारताच्या कारभारात गेला.

या योजनेत सहा सेवा ठरविण्यात आल्या : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांसाठी पोषण व आरोग्य शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अनौपचारिक शालापूर्व शिक्षण. आदिपुराणातील क्रियांचा क्रम आठवावा. येथेही आधी अन्न आहे, शरीर आहे. अक्षर त्यानंतर आहे.

योजनेचा प्रवास मात्र निर्वेध झाला नाही. पहिल्या ३३ प्रकल्पांमध्ये अमरावती जिल्ह्यातील धारणी होते. धारणी म्हणजे मेळघाट. याच मेळघाटातील कुपोषण व बालमृत्यूंनी सन १९९३ च्या सुमारास अवघ्या महाराष्ट्राला अंतर्मुख केले. योजना पोहोचून अठरा वर्षे झाली असताना हे घडावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. पावसाळ्यात तुटणारे रस्ते, कामासाठी होणारे स्थलांतर, कोवळ्या वयातील विवाह आणि मातांचीच उपासमार, यांपुढे केंद्राची पाटी पुरेशी पडत नाही, हे त्यातून दिसून आले.

अन्नाच्या अधिकारासंबंधीच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने सन २००१ पासून या सेवा प्रत्येक वस्तीतील प्रत्येक बालकाला मिळाव्यात असे आदेश दिले. सन २००४ मध्ये न्यायालयाने आहारपुरवठ्यात कंत्राटदार नसावेत, ते काम गावसमुदाय, बचत गट व महिला मंडळांनी करावे, असे बजावले. व्यापार करणाऱ्या समाजाने हा आदेश विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुलाच्या ताटातील घासावर नफा मोजला जाऊ नये, हा त्याचा आशय होय. सन २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने बालकांच्या या आहाराला कायद्याचा आधार दिला.

सेविकेचा हिशेब

देशात आज सुमारे १४ लाख अंगणवाडी केंद्रे असून महाराष्ट्रात त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. हा सर्व डोलारा अंगणवाडी सेविका व मदतनीस यांच्या खांद्यावर उभा आहे. सन १९७५ मध्ये दहावी उत्तीर्ण सेविकेला दरमहा १५० रुपये, अनुत्तीर्ण सेविकेला १०० रुपये आणि मदतनिसाला ३५ रुपये मानधन होते. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र शासनाने सेविकेसाठी ४,५०० व मदतनिसासाठी २,२५० रुपये निश्चित केले. राज्य शासन त्यात आपली भर घालते. वजन-उंचीच्या नोंदी, आहारवाटप, गृहभेटी, लसीकरणाची आठवण, मुलांचे गाणे-खेळ, एवढी कामे करणाऱ्या या स्त्रीला शासन कर्मचारी न म्हणता मानसेवी म्हणते. सन २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनिसांचा उपदानाचा म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना दीर्घ संपावर जावे लागले. ज्या घरांत मुनीम व नोकरांचे पगार वेळेवर करणे हा धर्म मानला जातो, त्या घरांना या हिशेबातील उणीव सांगावी लागणार नाही.

आजचा प्रश्न

सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने असे नमूद केले आहे की, मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो. त्या धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळ व कृती यांना अग्रस्थान दिले. गिजुभाई, ताराबाई आणि अनुताई हेच कितीतरी आधी सांगत होते.

आज प्रश्नाची दोन टोके दिसतात. एका टोकाला सुखवस्तू घरातील तीन वर्षांचे मूल आहे. त्याच्या हातात पेन्सिल दिली जाते, प्रवेशासाठी त्याची तयारी करून घेतली जाते, आणि अंगण मात्र त्याला मिळत नाही. दुसऱ्या टोकाला वस्तीतील मूल आहे. त्याला अंगण आहे, पण त्या अंगणात पुरेसे अन्न, स्वच्छ पाणी आणि बोलणारे-खेळणारे मोठे माणूस नाही. अक्षरांपूर्वीची पाच वर्षे दोघांचीही हरवतात, कारणे तेवढी वेगळी.

अंगणवाडी ही गरिबांचीच, अशी समजूत सुशिक्षित घरांत आढळते. वस्तुतः परिसरातील कोणतेही सहा वर्षांखालील बालक, गर्भवती किंवा स्तनदा माता तेथे नाव नोंदवू शकते. वजनाची नोंद व आहाराचा सल्ला तेथे विनामूल्य मिळतो. आपल्या गल्लीतील केंद्र कोठे आहे, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा पाहून यावे. तेथे छत गळते का, पाण्याची सोय आहे का, मुलांना बसायला सतरंजी आणि खेळायला साधने आहेत का, हे पाहणे अवघड नाही. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चार दानांचा उपदेश समाज पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आला आहे. अंगणवाडीच्या एका खोलीत ही चारही दाने एकत्र येतात.

अंगणवाडी योजनेस २ ऑक्टोबर २०२५ रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली. सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेजवळ साहजिकच इमारती, कोनशिला आणि देणगीदारांच्या नामावल्या असतात, आणि त्यांचा सार्थ अभिमानही असतो. बोर्डीच्या त्या पहिल्या अंगणात यांपैकी काहीही नव्हते. एक झाडलेली जागा होती, पाण्याची बादली होती, फणी होती आणि मूल येत नाही म्हणून त्याच्याकडे चालत गेलेल्या दोन स्त्रिया होत्या. पुढील पन्नास वर्षांचा संकल्प करताना समाजाने ते अंगण डोळ्यांसमोर ठेवावे.