पदराआडचं माप

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला फोन करून विचारलं, की सर, हे खरंच तुम्ही ठरवलंय का? हो, मीच ठरवलंय. त्यामागे एक जुनं देणं आहे, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावी रंगभूमीवरच्या अनुकरणाविषयी मी बोललो होतो. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतला एक तरुण उभा राहिला. विचारलं, "सर, पूर्वीचे नट छातीचं माप कसं ठरवायचे? म्हणजे कुठल्या लुगड्याला केवढी छाती?" मी म्हटलं, नाटकात काम करता का? तो म्हणाला, "नाटकासाठी नाही. मला स्वतःला नेसायला आवडतं." सभागृह हसलं. मीही हसलो, आणि एक संस्कृत वचन फेकून पुढच्या प्रश्नाकडे वळलो. पुढे त्या व्याख्यानाचं लेखी टिपण छापून आलं. त्यात त्याचा प्रश्न नाही, माझं उत्तर नाही. त्या जागी कंसात एकच शब्द आहे : हशा.

तो कंस मला अजून टोचतो. कारण प्रश्न चांगला होता. आणि जुना होता. किती जुना, ते बघा.

पाणिनीच्या 'स्त्रियाम्' या सूत्रावर पतंजलीने महाभाष्यात चर्चा केली आहे. म्हणजे आजपासून सुमारे दोन हजार वर्षांच्याही मागे. शब्दाला स्त्रीलिंगाचा प्रत्यय लावायचा, तर स्त्री म्हणजे काय हे आधी ठरायला हवं. एक सोपं उत्तर पुढे येतं : जिला स्तन आणि केस आहेत ती स्त्री, अंगावर लव आहे तो पुरुष. लगेच आक्षेप येतो, मग भ्रूकुंसाचं काय करायचं? भ्रूकुंस म्हणजे स्त्रीवेष घेणारा नट. छाती लावलेली, केस लावलेले, म्हणजे खूण तर हजर आहे. मग त्याच्या नावालाही स्त्रीलिंगी प्रत्यय लागण्याची आपत्ती येणार! व्याख्या तिथंच कोसळते, आणि पतंजली लिंगाचा विचार शरीराच्या खुणांपासून सोडवून दुसरीकडे नेतो. तो तपशील व्याकरणाचा आहे, आज नको. मला मौज वाटते ती याची, की एवढ्या मोठ्या सिद्धान्ताला अडवणारा माणूस कोण, तर बाहेरून लावलेली छाती घेऊन उभा असलेला एक नट. त्याला कुणी हसत नाही. त्याला उदाहरण म्हणून गंभीरपणे घेतलं जातं.

भरताच्या नाट्यशास्त्रातही पुरुषाने स्त्रीची आणि स्त्रीने पुरुषाची भूमिका करणं हा भूमिकेचा एक रीतसर प्रकार आहे, रूपानुरूपा. आहार्य अभिनयात 'पुस्त' नावाचा भाग येतो, म्हणजे कृत्रिम वस्तू घडवणं. काही वस्तू जोडून केलेल्या, काही युक्तीने हलणाऱ्या, काही गुंडाळून केलेल्या. आता कापडात कापूस गुंडाळून केलेली छाती ही 'पुस्त' म्हणायची की अंगाची रचना? मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे असल्या प्रश्नावर तासभर बोलू शकतो. पण तेच तर त्या दिवशी माझं चुकलं. त्याने माप विचारलं होतं.

तर मापाकडे येऊ. मराठी रंगभूमीवर 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' झालं, 1880 साली पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल'. या साऱ्या काळात कुलीन समजल्या जाणाऱ्या मंडळींत बायकांची कामं पुरुषच करीत. त्या बायकांचा वेष काय, तर नऊवारी लुगडं आणि खणाची चोळी. ही चोळी नीट समजून घ्या, कारण सगळं गणित तिच्यात आहे. चोळी अंगाला घट्ट बसते आणि पुढे छातीच्या खाली गाठ मारायची असते. आत दुसरं काही नाही. म्हणजे आधार देणारी वस्तू चोळीच. ती उचलून धरते तेवढी दाबतेही. वरून पदर आडवा येतो आणि कित्येकदा डोक्यावरून किंवा दोन्ही खांद्यांवरून गुंडाळलेला असतो. या वेषात मोठी छाती शोभत नाही, ती बोचकं दिसते. गाठीच्या वर थोडा भराव, बाजूला काखेकडे उतरत गेलेला, एवढं पुरतं. बाकीचं काम पदराची घडी करते.

आणि प्रेक्षक कुठे? लांब, दिव्यांच्या मिणमिणत्या उजेडात. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा लोक ऐकायला जात. बघणं त्याच्या मागून. वय वाढल्यावर भाऊराव पुरुषपार्टाकडे वळले. भरावाने छाती होते, पण मान आणि खांदे लपत नाहीत, हे स्त्रीपार्टी नटांना आपल्यापेक्षा आधी कळलेलं असतं.

बालगंधर्वांच्या काळात वेष बदलू लागला. 1911 चं 'मानापमान', 1916 चं 'स्वयंवर', 1919 चा 'एकच प्याला'. भामिनी, रुक्मिणी, सिंधू. चोळीच्या जागी बाह्यांचं पोलकं आलं, गोल पातळ आलं, पदर घ्यायच्या नव्या तऱ्हा आल्या. घरच्या बायका त्यांच्याकडे पाहून नेसायला लागल्या, हे आपण आजीकडून ऐकलेलं आहे. त्यांचे त्या काळचे फोटो मी भिंग घेऊन पाहिले आहेत. पाहताना माझं लक्ष वेधलं ते प्रमाणाने. छाती कुठेही पुढे आलेली नाही. भरदार खांद्यांना आणि गोल चेहऱ्याला साजेशी, बेताची. पदर तिथं सैल सोडलेला, कमरेशी आवळलेला. नजर आपोआप खाली कमरेकडे आणि वर चेहऱ्याकडे जाते. हे ठरवून केलेलं असणार असं माझं मत आहे.

याच्या उलट सिनेमा. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्रा'त तारामती अण्णा साळुंके यांनी केली. 1917 च्या 'लंकादहना'त तर राम आणि सीता दोन्ही त्यांनीच. कॅमेरा जवळ आला की दंड दिसतात, मनगट दिसतं. बालगंधर्वांची मीराबाई 1937 साली पडद्यावर आली तेव्हा ते पन्नाशीच्या जवळ होते, आणि रंगमंचावर जे खपत होतं ते भिंगासमोर खपलं नाही. तोवर 1933 चं 'आंधळ्यांची शाळा' होऊन गेलं होतं आणि स्त्रियांची कामं स्त्रिया करू लागल्या होत्या. स्त्रीपार्टी नट संपले असं आपण पुस्तकात लिहितो. सिंधुदुर्गात जाऊन दशावतार पाहिलात तर हे वाक्य खोडावं लागेल. तिथं आजही पुरुषच लुगडं नेसून उभा राहतो आणि समोर बसलेल्या बायका त्याच्या नेसण्याला दाद देतात.

आता माझं स्वतःचं सांगतो, कारण मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या मुलांच्या शाळेत स्नेहसंमेलनाला नाटक होतं. मी चौदा वर्षांचा, शेलाटा, म्हणून नायिका मी. आईने चोळीत कापूस भरला. रंगीत तालमीला मी पळत आलो आणि एक बाजू वर सरकली, पोरांनी डोक्यावर घेतलं. मी रडलो, काम करणार नाही म्हणालो. शेजारच्या काकू शिवणकाम करायच्या. त्यांनी दोन पिशव्या शिवल्या, त्यांत राळे भरले, वर कापसाचा थर दिला आणि पिशव्या चोळीला आतून टाके घालून बसवल्या. म्हणाल्या, "बाळा, कापसाला वजन नसतं. बाईच्या अंगाला वजन असतं." दुसऱ्या दिवशी चालताना मला कळलं, की त्या वजनामुळे माझे खांदे आपोआप मागे गेले होते. चाल बदलली होती. पुढे देहभान या शब्दावर मी बरंच वाचलं, पण काकूंच्या त्या वाक्यापुढे फार गेलो असं वाटत नाही.

काकूंनी जे राळ्यांनी केलं तेच आज सिलिकोन करतं. हे सिलिकोनचे कृत्रिम स्तन मुळात कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत स्तन गमावलेल्या बायकांसाठी झाले. बार्बी बाहुली बाजारात आणणाऱ्या रूथ हँडलर यांना 1970 साली त्या शस्त्रक्रियेतून जावं लागलं. बाजारातल्या वस्तूंनी समाधान होईना, म्हणून त्यांनी स्वतःच त्या बनवायचा धंदा काढला. बुटासारखा डावा वेगळा, उजवा वेगळा. तेव्हा कुणी ही वस्तू मागितली तर ती दुकानात हसण्याची गोष्ट नाही, एवढं लक्षात असू द्या.

ब्राच्या कपांना ए, बी, सी, डी ही अक्षरं 1930 च्या दशकात अमेरिकेत मिळाली. आपल्याकडे आकडा आणि अक्षर दोन्ही छापलेले असतात, पण त्यांचा संबंध फार थोड्यांना माहीत असतो. आकडा छातीखालच्या घेराचा, पट्ट्याचा. अक्षर हे फरकाचं. छातीचा घेर छातीखालच्या घेरापेक्षा एक इंच जास्त तर ए, दोन तर बी, तीन सी, चार डी. म्हणजे अक्षराला एकट्याला अर्थ नाही! पट्टा दोन इंचांनी वाढला की त्याच अक्षराची वाटी मोठी होते. 36डी, 38सी आणि 40बी यांच्या वाटीत मावतं तेवढंच. इथं पुरुषांची चूक होते. बरगडीचा घेर 40, मनात अक्षर डी. जी वस्तू घरी येते ती 36 च्या पट्ट्यावर डीच्याही दोन अक्षरं पुढची असते. अंगावर चढवल्यावर माणूस आरशात पाहतो आणि त्याला स्वतःचाच राग येतो. राग अंगाचा नको, गणिताचा होता.

बाईचं माप घेताना आधी अंग, मग ब्रा. इथं उलटं आहे. छातीखालचा घेर तेवढा तुमचा, तो श्वास सोडून टेपने घ्यायचा. वरचं तुम्ही ठरवणार. म्हणून आधी कपडा ठरवा, मग कप, आणि शेवटी तो कप सुरकुती न पडता भरेल असा स्तन. त्यांचे नंबर प्रत्येक बनवणाऱ्याचे वेगळे, म्हणून सोबतचा तक्ता पाहिल्याशिवाय घेऊ नका.

कपड्याचं म्हणाल तर नऊवारी आणि खणाची चोळी असेल तर लहानच घ्या, वजन कमी असलं तरी चालतं, चोळीच धरून ठेवते. टी-शर्ट सगळ्यात कठीण. तिथं पदर नाही, चुणी नाही, आतल्या वस्तूची कड दिसते. कडा पातळ होत गेलेला थेंबाच्या आकाराचा स्तन आणि शिवण नसलेली ब्रा हवी. पंजाबी ड्रेसला ओढणी असते, ती बरंच सांभाळून घेते. गळा खोल असेल तर मात्र त्वचा आणि वस्तू यांची हद्द उघडी पडते, तिथं ओढणीही हात टेकते.

कटोरी किंवा प्रिन्सेस कटचं ब्लाउज वेगळं. त्याचे टक्स किंवा शिवणी नेमक्या एका बिंदूकडे येतात. तो बिंदू तुमच्या आतल्या उंचवट्यावर आला नाही तर कापड एकीकडे आणि छाती दुसरीकडे. म्हणून ब्रा आणि स्तन घालूनच माप द्यायचं. शिंप्याकडे तसं जायला धीर होत नसेल, मला समजतं, तर घरी आरशासमोर तीन आकडे लिहून घ्या. छातीखालचा घेर, छातीचा घेर, आणि खांद्यापासून उंचवट्यापर्यंतची लांबी. तिसरा आकडा लोक विसरतात आणि ब्लाउज तिथंच बिघडतं. आणि ब्रा शक्यतो आतून खिसा असलेली. राळ्यांच्या पिशवीला टाके का घातले होते ते आठवा.

त्या दिवशी व्याख्यानानंतर तो तरुण मला जिन्यात भेटला होता. रागावलेला नव्हता. म्हणाला, छातीखाली अडतीस भरतं, आजीची एक इरकली नऊवारी ठेवून दिली आहे, ती नेसायची आहे, आणि एक साधा पंजाबी ड्रेस. मी "पाहू, कळवतो" म्हटलं, आणि त्याचा पत्ताही घेतला नाही.

तो हे ऐकत असेल तर : 38बी. दोन्हींना तेच चालेल, दोन जोड घेऊ नका. आणि आजीची चोळी तुम्हाला दंडात होणार नाही, ओढून ती फाडू नका. लुगड्याच्या काठाला जुळणारा नवा खण घ्या, बाही थोडी लांब ठेवायला सांगा, गाठीला कापड सढळ सोडायला सांगा.